शर्यत न पाहिलेली जग्वार

जगातली सर्वांत खडतर शर्यत जिंकण्यासाठी ती जन्माला आली. देखणी, वेगवान आणि ताकदवान. पण शर्यतीच्या रेषेवर ती कधी उभीच राहिली नाही. इंग्लंडच्या मध्यभागी, गेडन नावाच्या छोट्या गावी आज तिचा मुक्काम आहे. आणि आता तिच्या घराण्याचा मालक चक्क मुंबईचा आहे!

इंग्लंडला जाणारा मराठी प्रवासी लंडन पाहून झालं की स्ट्रॅटफर्डला हमखास जातो. शेक्सपिअरचं घर पाहायचं, एव्हन नदीतले हंस पाहायचे, फोटो काढायचे आणि बसमध्ये बसायचं. मात्र तिथून मोटारीनं पाऊण तासही लागणार नाही इतक्या अंतरावर गेडन आहे, हे सहलीच्या पत्रकात सहसा नसतं. चहूकडे हिरवी शेतं, मेंढरं, दगडी घरं. जवळच एजहिलची टेकडी. १६४२ साली इंग्लंडचा राजा आणि तिथलं पार्लमेंट यांच्या फौजा पहिल्यांदा मोठ्या लढाईत भिडल्या, त्या इथंच.

अशा या शांत मुलखात एके काळी ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. पन्नासच्या दशकात अणुबॉम्ब वाहून नेणारी विमानं इथून उडत. विमानं गेली आणि त्या जागेवर मोटारींच्या कारखानदारीनं आपलं बिऱ्हाड मांडलं. १९९३ साली तिथं मोटारींचं मोठं संग्रहालय उघडलं. २०१६ पासून ते 'ब्रिटिश मोटर म्युझियम' या नावानं ओळखलं जातं. आत शेकडो गाड्या आहेत. राजघराण्यानं वापरलेल्या, सिनेमात चमकलेल्या, सामान्य माणसाच्या संसाराला हातभार लावलेल्या. प्रत्येकीजवळ सांगण्यासारखं काहीतरी आहे. कुणी शर्यत जिंकली, कुणी लाखोंनी खपली.

त्यांच्यातच एक गडद हिरवी गाडी आहे. तिच्या नावावर एकही करंडक नाही. ती विकलीही गेली नाही. पण लहान मुलं तिच्यापाशी थबकतात आणि मोठी माणसं तिच्याभोवती दोनदा फेरी मारतात. तिचं नाव 'जग्वार एक्सजे १३'.

माणसाच्या कमरेपर्यंत जेमतेम येईल इतकी ती बुटकी. वर छप्पर नाही. नदीतल्या पाण्यानं वर्षानुवर्षं घासलेल्या गोट्यासारखं गुळगुळीत अंग. कुठं कोपरा नाही, कुठं उगाच नक्षी नाही. पुढच्या भागात इंजिन शोधायला जाल, तर तिथं ते नाहीच. ते चालकाच्या पाठीमागे आहे. या गाडीची गंमतही तिथंच आहे आणि शोकांतिकाही!

कारागिरांचं शहर

तिची कहाणी समजून घ्यायची तर गेडनहून उत्तरेला कॉव्हेंट्रीला जायला हवं. हे शहर म्हणजे इंग्लंडमधली लोहारांची, सुतारांची आणि घड्याळजींची जुनी पेठच. आज जगभर चालते तशी, दोन सारख्या चाकांची आणि साखळीनं फिरणारी सायकल १८८५ साली इथंच घडली. सायकलीमागून मोटारी आल्या. आपल्याकडच्या जुन्या पिढीला आठवत असलेली मद्रासची 'स्टँडर्ड हेराल्ड' गाडी मूळची याच गावच्या कंपनीची. कारखान्यांच्या ओढीनं पंजाबातली माणसंही इथं आली. ब्रिटनमधल्या भारतीय कामगारांची संघटना १९३८ साली सुरू झाली, ती याच शहरात.

१४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर आगीचा पाऊस पाडला. मधलं शहर बेचिराख झालं आणि जुनं कॅथीड्रल जळून नुसत्या भिंती उरल्या. कॉव्हेंट्रीकरांनी त्या भिंती पाडल्या नाहीत. अवशेष तसेच ठेवून त्यांना लागून नवं कॅथीड्रल बांधलं. १९६२ साली ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. आजही प्रवासी आधी उघड्या आकाशाखालच्या त्या भग्न भिंतींमध्ये उभा राहतो आणि मग नव्या वास्तूत पाऊल टाकतो. मोडलेलं फेकायचं नाही, त्याच्या शेजारी नवं उभं करायचं, हा या गावाचा स्वभाव. तो पुढं आपल्या गाडीच्याही कामी येणार होता.

याच शहरात १९२८ साली विल्यम लायन्स नावाचा तरुण आपला धंदा घेऊन आला. १९२२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी त्यानं एका भागीदाराबरोबर मोटारसायकलींना जोडायचे साइडकार बनवायला सुरुवात केली होती. त्याला इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. पण कुठली रेघ डोळ्यांना सुख देते, हे त्याला उपजत कळत असे. साइडकारवरून तो मोटारींकडे वळला. १९३५ साली 'जग्वार' हे नाव आलं आणि युद्धानंतर कंपनीचंही तेच नाव झालं. शहराच्या कडेला ब्राउन्स लेन इथं त्याचा कारखाना उभा राहिला. पुढं त्याला 'सर' ही पदवी मिळाली.

चोवीस तासांची परीक्षा

फ्रान्समध्ये ल माँ नावाचं गाव आहे. १९२३ पासून तिथं दर उन्हाळ्यात मोटारींची शर्यत होते. दुपारी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपते. सलग २४ तास! चालक आळीपाळीनं बदलतात, गाडी मात्र तीच. रात्र, पाऊस, धुकं काहीही येवो, थांबायचं नाही. इथं जिंकणारी गाडी टिकाऊ आहे, हे साऱ्या जगाला आपोआप कळतं. म्हणून कंपन्यांचा जीव या शर्यतीत अडकलेला असतो.

जग्वारनं ही शर्यत १९५१ आणि १९५३ साली जिंकली. मग १९५५, १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकली. पण यातलं १९५५चं यश काळवंडलेलं आहे. त्या वर्षी एक गाडी उडून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं दगावली. मोटार शर्यतींच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात. लायन्स यांच्यावर तर त्या आधीच घाला पडला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन शर्यतीसाठी मोटारीनं ल माँकडे निघाला असताना फ्रान्समधल्या रस्त्यावरच अपघातात गेला.

१९५६च्या अखेरीस जग्वारनं कंपनी म्हणून शर्यतींतून अंग काढून घेतलं. फेब्रुवारी १९५७मध्ये ब्राउन्स लेनच्या कारखान्याला मोठी आग लागली. तरीही त्याच वर्षी एका खासगी संघानं जग्वारच्याच गाड्या पळवून ल माँ पुन्हा जिंकून दाखवली! पहिले चारही क्रमांक जग्वारचे. कारखान्यातल्या इंजिनिअरांना स्वस्थ बसवेना. परत जायचं, ही ऊर्मी त्यांच्या मनात धुमसत राहिली.

टांग्याचं गणित

पण परत जायचं तर जुन्या गाडीनं भागणार नव्हतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शर्यतीच्या गाड्यांची रचनाच पालटली होती. पूर्वी इंजिन पुढे आणि चालक मागे असे. आता इंजिन चालकाच्या पाठीशी, मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे, म्हणजे गाडीच्या मध्यावर आलं होतं.

याचा फायदा काय? ज्यांनी टांग्यातून प्रवास केला आहे त्यांना हे लगेच कळेल. मागे जास्त माणसं बसली की टांगा उलार होतो. मग टांगेवाला म्हणतो, "जरा पुढं सरका!" भार योग्य जागी असला की घोड्याला ओढायला सोपं. मोटारीचंही तसंच. इंजिन हा तिचा सर्वांत जड अवयव. तो टोकाला असला की वळणावर गाडीचं नाक किंवा शेपूट बाहेर फेकली जाते. तो मध्यावर असला की गाडी पटकन वळते आणि पटकन सावरते. डोक्यावर हंडा घेतलेली बाई झर्रकन गिरकी घेऊ शकते. तेच वजन दोन लांब हातांत धरून गिरकी घेऊन पाहा!

जग्वारचे मुख्य इंजिनिअर विल्यम हेन्स यांनी या नव्या रचनेची गाडी मनावर घेतली. तिच्यासाठी १२ सिलिंडरचं इंजिन तयार झालं. सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या एकत्र आणलेल्या. आकार ४९९४ सीसी, ताकद सुमारे ५०२ अश्वशक्ती. आपल्या घरोघरी पोहोचलेल्या मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं आणि चाळिशीच्या आतल्या अश्वशक्तीचं होतं, हे लक्षात घेतलं की आकडा नेमका कळतो. गंमत म्हणजे हे इंजिन गाडीत नुसतं ठेवलेलं नव्हतं. गाडीच्या सांगाड्याचा मागचा भार तेच पेलत होतं. घराच्या तुळईनंच चूलही पेटवावी, तसा हा प्रकार!

लॉगॅरिदमचा चित्रकार

अंगाचा आकार ठरवला माल्कम सेयर यांनी. १९१६ साली नॉर्फकमधल्या क्रोमर गावी जन्मलेले सेयर आधी विमानांच्या कारखान्यात होते. काही काळ ते बगदादलाही जाऊन आले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जग्वारमध्ये आल्यावर त्यांनी विमानाची विद्या मोटारीला लावली. हवा अंगावरून कशी वाहून जाईल, याचं गणित मांडायचं, आकडे काढायचे आणि त्या आकड्यांवरून वळण आखायचं. संगणक नव्हता. होते ते लॉगॅरिदमचे तक्ते, स्लाइड रूल आणि अफाट चिकाटी. कुणी त्यांना मोटारींना रूप देणारा कलावंत म्हटलं, तर त्यांना आवडत नसे. आपण हवेचा अभ्यास करणारे आहोत, असं ते सांगत.

ल माँ जिंकणाऱ्या जग्वारना आकार दिला तो त्यांनी. १९६१ची जगप्रसिद्ध ई-टाइपही त्यांचीच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं १९९६ साली ई-टाइपला कलाकृती म्हणून आपल्या संग्रहात जागा दिली. एक्सजे १३ हे मात्र त्यांचं असं अपत्य, की ज्याला शाळेतच घातलं गेलं नाही.

रविवारची चोरटी सकाळ

जून १९६५मध्ये बांधणी सुरू झाली आणि मार्च १९६६मध्ये गाडी तयार झाली. मग काय झालं? काहीच नाही! गाडीवर आच्छादन पडलं आणि ती कारखान्याच्या कोपऱ्यात उभी राहिली.

कारणं घरगुती होती. कंपनीला नवी, चार दारांची 'एक्सजे ६' बाजारात आणायची होती. पैसा आणि माणसं तिकडे हवी होती. त्याच वर्षी लायन्स यांनी जग्वारचा संसार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनशी जोडला. दोन कुटुंबं एकत्र आली की आधी रोजच्या स्वयंपाकाचं पाहावं लागतं, पक्वान्नांचं नव्हे. शिवाय फोर्ड कंपनीनं सात लिटरच्या राक्षसी इंजिनाच्या गाड्या आणून १९६६च्या ल माँमध्ये पहिले तिन्ही क्रमांक पटकावले होते. पाच लिटरची जग्वार त्यांच्यापुढे टिकेल का, हाही प्रश्न होता. गाडी बाहेर काढायची नाही, असं लायन्स यांनी बजावलं.

पण कारखान्यात नॉर्मन ड्यूइस नावाचे गृहस्थ होते. मुख्य चाचणी चालक. कॉव्हेंट्रीतच जन्मलेले, चणीनं लहान आणि हिमतीनं मोठे. ई-टाइप पहिल्यांदा जगासमोर आली तेव्हा, १९६१ साली, प्रदर्शनासाठी एक गाडी रातोरात कॉव्हेंट्रीहून जिनिव्हाला पळवत नेणारे हेच. मार्च १९६७मधल्या एका रविवारी सकाळी त्यांनी एक्सजे १३ गुपचूप बाहेर काढली आणि नन्ईटनजवळच्या मिरा या चाचणी केंद्रावर नेली. दुसऱ्या दिवशी बातमी साहेबांच्या कानावर गेली. बोलणी बसली, पण साहेबांनाही गाडी कशी पळाली हे जाणून घ्यायचं होतंच, असा किस्सा ड्यूइस पुढं आयुष्यभर रंगवून सांगत. त्यानंतर चाचण्या उघडपणे सुरू झाल्या.

मिराचा पट्टा हाही पाहण्यासारखा प्रकार. युद्धकाळातल्या धावपट्टीच्या जागेवर तो तयार झाला. साधारण त्रिकोणी आकार आणि तिन्ही वळणांना बाहेरून उंच चढत गेलेला रस्ता. आपल्याकडच्या जत्रेतल्या 'मौत का कुआँ'ची आठवण व्हावी असा. त्या उतारावर गाडीला वेगच धरून ठेवतो.

चालवायला तरुण शर्यतपटू डेव्हिड हॉब्स आले. ते शेजारच्या लेमिंग्टनचे आणि एके काळी जग्वारमध्येच उमेदवारी केलेले. १९६७ साली त्यांनी त्या पट्ट्यावर सरासरी ताशी १६१.६ मैल, म्हणजे सुमारे २६० किलोमीटर वेगानं पूर्ण फेरी मारली. ब्रिटनमधल्या बंदिस्त पट्ट्यावरचा तो विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. ज्या गाडीला कुणी धावू दिलं नाही, तिनं एकटीनं धावून हे करून दाखवलं होतं!

पण नशिबाचा फासा उलटा पडला. त्याच वर्षी शर्यतींचे नियम बदलल्याचं जाहीर झालं. १९६८ पासून अशा प्रायोगिक गाड्यांचं इंजिन तीन लिटरहून मोठं चालणार नव्हतं. पाच लिटर हवं असेल, तर तशा किमान पन्नास गाड्या बनवून दाखवायच्या. जग्वारकडे होती एकच. तिच्यासाठी शर्यतीचं दार बंद झालं आणि ती पुन्हा आच्छादनाखाली गेली.

कोलांट्या आणि पुनर्जन्म

चार वर्षं गेली. एप्रिल १९७०मध्ये माल्कम सेयर अकाली वारले. त्यांच्या गाडीनं शर्यत पाहिली नाही, ती नाहीच. पण तिच्यासाठी सुरू झालेलं १२ सिलिंडरचं काम वाया गेलं नव्हतं. त्यातूनच रस्त्यावर चालवायच्या गाड्यांसाठी साधं, सोयीचं इंजिन तयार झालं. ते ई-टाइपमध्ये बसवून १९७१ साली बाजारात आणायचं ठरलं. जाहिरातीच्या फिल्मसाठी या इंजिनाची आदिमाता दाखवावी, ही कल्पना निघाली आणि एक्सजे १३ पुन्हा मिराला गेली.

जानेवारी १९७१. चाकामागे ड्यूइस. चित्रीकरण चाललेलं. उताराच्या वळणावर भरधाव असताना मागच्या एका चाकानं दगा दिला. गाडी सुटली, कोलांट्या खात गेली आणि आतल्या बाजूच्या चिखलात जाऊन पडली. डोक्यावर छप्पर नसलेली गाडी! ड्यूइस यांनी क्षणार्धात इंजिन बंद केलं आणि अंग मुडपून पुढच्या फळीखाली स्वतःला दडपून घेतलं. त्या पन्नाशीच्या माणसाला गंभीर दुखापत झाली नाही. गाडीचा मात्र चेंदामेंदा झाला.

कुणालाही वाटलं असतं, संपलं. भंगारात घाला. पण मोडलेले तुकडे गोळा करून ठेवले गेले. पुढं तिचं अंग मूळ घडवणाऱ्या ॲबी पॅनेल्स या कॉव्हेंट्रीच्याच कारखान्यानं तिला पुन्हा उभं करण्याची तयारी दाखवली. पत्रा ठोकायचे जुने साचे अजून शिल्लक होते. अवघ्या हजार पौंडांत काम झालं. त्यात कारागिरांचं प्रेमच अधिक होतं. जुलै १९७३मध्ये ब्रिटिश ग्रां प्रीच्या वेळी सिल्व्हरस्टोनच्या मैदानात ती लोकांसमोर आली. हजारो माणसांनी तिला प्रथमच पाहिलं. शर्यतीच्या मैदानावर ती पोहोचली होती, पण पाहुणी म्हणून!

आजची गाडी तंतोतंत १९६६ची नाही. दुरुस्तीत काही तपशील बदलले. आत्मा मात्र तोच आहे.

घराणं आणि वारस

ही गोष्ट इथं संपली असती, तर ती फक्त हळहळीची झाली असती. पण १२ सिलिंडरच्या त्या इंजिनाचा वंश पुढं वाढला. १९७१ पासून १९९७ पर्यंत तो जग्वारच्या रस्त्यावरच्या गाड्यांत नांदला. आणि १९८८ साली, तब्बल ३१ वर्षांनी, जग्वारनं पुन्हा ल माँ जिंकली. त्या विजेत्या गाडीचं इंजिन १२ सिलिंडरचं होतं आणि चालकाच्या पाठीमागेच होतं! १९९० साली पुन्हा तेच घडलं. आजीला जे जमू दिलं नाही, ते नातीनं केलं.

ब्राउन्स लेनचा कारखाना आज नाही. २००५ साली तिथली मोटारींची जुळणी थांबली आणि पुढं जुन्या इमारती पाडण्यात आल्या. सर विल्यम लायन्स १९८५ साली गेले. रविवारी गाडी चोरून नेणारे ड्यूइस ९८ वर्षांचं आयुष्य जगून २०१९ साली गेले. कंपनी आधी सरकारी पंखाखाली, मग स्वतंत्र, मग फोर्डकडे अशी हिंडत राहिली. ज्या फोर्डशी झुंजायला ही गाडी बांधली, त्याच फोर्डच्या घरात जग्वार नांदायला गेली, हाही काळाचा विनोदच!

आणि २००८ साली टाटा मोटर्सनं जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या फोर्डकडून २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या. ब्राउन्स लेनचा वारसा मुंबईच्या बॉम्बे हाउसशी जोडला गेला. २०११ साली पुण्यात लँड रोव्हरची जुळणीही सुरू झाली. गेडनच्या संग्रहालयालगतच जग्वार लँड रोव्हरचं मोठं संशोधन केंद्र आहे. हिरवी गाडी पाहून बाहेर पडणाऱ्या मराठी पाहुण्याला ते दिसलं, की इंग्लंडच्या शेतांमध्ये उगाचच थोडं घरचं वाटतं.

जायचं कसं?

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून कॉव्हेंट्री रेल्वेनं सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. तिथं कॅथीड्रल आणि वाहतूक संग्रहालय पायी पाहता येतं. गेडनला रेल्वे स्टेशन नाही. मेरिलबोनहून लेमिंग्टन किंवा बॅनबरीला उतरून टॅक्सी करावी. मोटार असेल, तर एम-४० महामार्गाच्या १२ क्रमांकाच्या फाट्यावरून संग्रहालय अगदी जवळ. एक्सजे १३ अधूनमधून प्रदर्शनासाठी बाहेर नेली जाते. म्हणून ती जागेवर आहे ना, हे आधी विचारून निघावं. मुलांना सोबत न्यावं. दिवस पुरत नाही.

आणि त्या हिरव्या गाडीपाशी पोहोचलात, की मुलं एक प्रश्न नक्की विचारतील. "ही कितवी आली होती?" उत्तर द्यायला थोडा वेळ घ्यावा. ती कितवीही आली नाही, कारण तिला कुणी पाठवलंच नाही. पण जी नीट घडवली होती, जिच्यासाठी एका माणसानं साहेबांचा राग ओढवून घेतला आणि जिचे तुकडे गावानं फेकले नाहीत, ती अजून इथं उभी आहे. तिच्या काळी ल माँ जिंकलेल्या कितीतरी गाड्यांची नावंही आज कुणाला आठवत नाहीत. हिचं नाव मात्र विचारावं लागतं.